क्रांतिसिंह नाना पाटील : गावाचं राज्य गावानं चालवलं ते दिवस

॥ राम कृष्ण हरी ॥

दिंडी कशी चालते, हे वारकऱ्याला सांगावं लागत नाही. पहाटे विणेकरी उभा राहिला की टाळकरी आपापल्या ओळीत लागतात. चोपदारानं चोप वर केला की हजारोंचा समाज गप्प होतो. भिशीचा हिशेब एकजण ठेवतो, तंबू एकजण बघतो, आणि थकलेल्या म्हाताऱ्याची पडशी न सांगता कुणीतरी खांद्यावर घेतं. भांडण झालं तर ते मुक्कामावरच, चार जुन्या माणसांपुढं मिटतं. शंभर वर्षं आपली दिंडी अशीच चालली. हे असं करा म्हणून कुठल्या कचेरीचा कागद आला नव्हता.

या ग्रंथासाठी चरित्रं निवडायला बसलो तेव्हा संतांची चरित्रं आधी आली, मग आपल्या जुन्या विणेकऱ्यांची. क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव निघालं तेव्हा काहींनी शंका काढली. नाना कीर्तनकार नव्हते, फडकरी नव्हते, आणि पुढच्या आयुष्यात तर ते लाल बावट्याखाली गेले. मग वारकऱ्यांच्या ग्रंथात त्यांचं काय काम? शंका रास्त आहे. पण आपली दिंडी ज्या कृष्णाकाठच्या गावांतून निघते, त्याच गावांनी १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजाला बाजूला सारून आपला कारभार आपण केला. दिंडीत जी शिस्त आपण पंधरा-वीस दिवस पाळतो, ती त्या माणसांनी तीन वर्षं घरादारावर निखारे ठेवून पाळली. म्हणून हे चरित्र इथं हवं.

तलाठ्याची नोकरी

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडे मच्छिंद्र, तालुका वाळवा. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. सांगली जिल्हा वेगळा झाला तो स्वातंत्र्यानंतर. मूळ आडनाव पिसाळ, पण घरात पाटीलकी म्हणून पाटील हेच नाव रूढ झालं. गावाजवळ मच्छिंद्रगड, पलीकडं कृष्णा. अंगापिंडानं उंचापुरा, धिप्पाड गडी. शिक्षण बेताचं, पण वाचा अशी की पारावर बोलायला उभा राहिला तर औत सोडून माणसं ऐकायला यावीत.

पोटापाण्यासाठी नानांनी तलाठ्याची नोकरी धरली. ही गोष्ट महत्त्वाची आहे. तलाठी म्हणजे सरकारचं गावातलं शेवटचं टोक. सारा कसा ठरतो, दप्तरात काय लिहिलं जातं, दुष्काळातसुद्धा वसुली का थांबत नाही, आणि सावकाराच्या वहीत एकदा अंगठा उठला की कुळाचं रान हातचं कसं जातं, हे नानांनी आत बसून पाहिलं. हुकूम लंडनचा, शिक्का मुंबईचा, आणि भरणारा मात्र वाळव्याचा शेतकरी. ज्यांनी कधी हे गाव बघितलं नाही, त्यांनी या गावाचं भलंबुरं ठरवायचं, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली.

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचं वारं तेव्हा सातारा जिल्ह्यात गावोगाव फिरत होतं. जातीचा ताठा, कर्ज काढून लग्नं, देवाच्या नावानं लुबाडणूक, या गोष्टींवर खेड्यातली माणसं उघड बोलू लागली होती. नाना त्या वाऱ्यात वाढले. १९३० साली सविनय कायदेभंग सुरू झाला, आणि नानांनी नोकरीवर पाणी सोडलं. पुढची बारा वर्षं तुरुंगात जायचं, सुटून यायचं, गावोगाव बोलायचं आणि पुन्हा आत जायचं, असा क्रम चालला. घरादारावर जप्ती आली. बायको लवकर गेली होती, पोर लहान होती. घर सांभाळलं ते त्यांच्या आईनं.

नानांचं बोलणं कीर्तनाच्या वळणाचं होतं. दाखले शेतातले, बैलाचे, मोटेचे, जात्याचे. पुस्तकी शब्द एक नाही. समोरच्या अडाणी माणसाला वाटायचं, हे तर माझ्याच मनातलं आहे, फक्त मला सांगता येत नव्हतं. मोठ्या शहरातल्या पुढाऱ्यांना जे जमलं नाही, ते या माणसाला पारावर बसून जमलं.

शेजारी एक दिवा आधीच लागला होता

पुढची हकिगत सांगण्याआधी औंध संस्थानाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. संस्थान लहान, आणि त्याची गावं सातारा जिल्ह्यात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. १९३९ साली राजेसाहेबांनी गांधीजींच्या सल्ल्यानं आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. गावानं आपले पंच निवडायचे, पंचांनी गावाचे तंटे मिटवायचे, आणि गावच्या वसुलातला मोठा वाटा गावातच शाळा, रस्ता, विहिरीसाठी खर्च करायचा, अशी ती रचना होती. कोर्टाच्या खेपा वाचल्या. राजा असून राज्य सोडणारा माणूस विरळा!

कुंडल हे गाव याच औंध संस्थानातलं. प्रतिसरकारचं ते मोठं ठाणं झालं, याला हे एक कारण आहे. तिथल्या माणसांनी पंचांच्या न्यायाची चव घेतली होती. शिवाय इंग्रजी पोलिसांना संस्थानच्या हद्दीत शिरायचं तर अडचण होती.

बेचाळीसचे मोर्चे

ऑगस्ट १९४२. मुंबईत गवालिया टँकवर इंग्रजाला चालता हो म्हणून सांगितलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत मोठे पुढारी सगळे तुरुंगात गेले. आता आदेश कोण देणार? सातारा जिल्ह्यानं आदेशाची वाट पाहिली नाही. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर, एकामागून एक कचेऱ्यांवर मोर्चे गेले. हातात तिरंगा, तोंडी घोषणा, काठीसुद्धा नाही. कचेरीवर झेंडा लावायचा एवढंच मागणं. तासगावला अधिकाऱ्यांनी नमतं घेतलं. पण ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला. परशुराम घार्गे हातातला झेंडा न सोडता पडले, त्यांच्याबरोबर आणखी माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळ्या चालल्या आणि तिथंही रक्त सांडलं.

इथं वाट फुटली. निम्मी माणसं मेलेल्यांची मढी घेऊन घरी गेली आणि निम्मी रानात. पकडवॉरंट निघालेली पोरं उसाच्या फडात, डोंगरात, माळावरच्या वस्त्यांवर लपली. नानाही भूमिगत झाले. आधी तारा तोडणं, डाक बंगले जाळणं, रेल्वे अडवणं असं चाललं. पण थोड्याच महिन्यांत एक गोष्ट ध्यानात आली. कचेरी जाळली तर ती पुन्हा बांधतात. लोकांनी कचेरीत जायचंच सोडलं, तर मात्र ती बांधूनही रिकामी पडते. आणि लोकांनी जाऊ नये असं वाटत असेल तर त्यांचं अडलेलं काम करून देणारी दुसरी जागा पाहिजे. या विचारातून १९४३ साली प्रतिसरकार उभं राहिलं.

कारभार कसा चालला

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. हे सरकार एकट्या नानांचं नव्हतं. कुंडलचे जी. डी. बापू लाड, नाथाजी लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाई भागातले किसन वीर, अशी कितीतरी माणसं राबली. बापू आणि अण्णा तर विशी-पंचविशीतली पोरं होती. नाना त्यांच्यात वडीलधारे. गावागावात नानांचं नाव होतं, नानांवर विश्वास होता. विणा त्यांच्या गळ्यात होता म्हणा, टाळ मात्र सगळ्यांनी वाजवला.

जिल्ह्याचे गट पाडले. दीडशेच्या आसपास गावांत या सरकारचा शब्द चालू लागला. प्रत्येक ठिकाणी न्यायदान मंडळ नेमलं. बांधाचा तंटा असो, भावकीचं वाटप असो, गहाण पडलेलं रान असो की टाकून दिलेली बायको असो, तक्रार गावातच, गावापुढंच ऐकायची. वकील नाही, कोर्ट फी नाही, तारखेवर तारीख नाही. साक्ष देणाऱ्याला खोटं बोलायची सोय नव्हती, कारण ऐकणारे सगळे बांधाला बांध असलेले. सावकारानं व्याजात गिळलेली जमीन कुळाला परत देववली. तालुक्याच्या कोर्टात दहा-दहा वर्षं रखडणारी भांडणं पारावर मिटू लागली, तशी लोकांची पावलं तालुक्याकडं वळायची बंद झाली.

दारूचे गुत्ते बंद केले. कर्ज काढून लग्न करू नये म्हणून गांधी विवाहाची चाल पाडली. मानपान नाही, हुंडा नाही, वाजंत्री नाही. हार घालायचे, चार शब्द बोलायचे, झालं लग्न. त्या एका चालीनं किती रानं सावकाराकडं जायची वाचली असतील, याचा विचार करावा. गावची साफसफाई, वाचनालयं, प्रौढांना अक्षरओळख, शिवाशिव पाळू नये म्हणून सहभोजनं, ही कामंही चालू होती. ज्या दिंडीत सगळी एकमेकांच्या पाया पडतात, त्याच दिंडीतली माणसं गावात परतल्यावर पाणवठे वेगळे ठेवत होती. नानांच्या माणसांनी त्या दुखण्यावर बोट ठेवलं, हे आपण वारकऱ्यांनी मोकळेपणानं कबूल करावं.

गावाच्या राखणीसाठी तुफान सेना उभी केली. पोरांना कवायत, लाठी, निशाणबाजी शिकवली. चोर, दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे यांचा बंदोबस्त हीच सेना करी. दरोडेखोर तर भूमिगतांच्या नावावर लूट करत; त्यांना आवरल्यावर रात्री वस्तीवरच्या बायाबापड्या निर्धास्त झोपू लागल्या. लागणारा पैसा गरिबाकडून घ्यायचा नाही, सरकारचाच काढायचा. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली. १४ एप्रिल १९४४ ला पार खानदेशात, धुळ्याकडं जाऊन सरकारी खजिना मिळवला. तो साडेपाच लाखांचा होता. हा पैसा घरी नेला असता तर कुणाची सात पिढ्यांची सोय झाली असती. पण या मंडळींची घरं पुढंही कौलारूच राहिली.

देशात बलियाला असं राज्य काही दिवस टिकलं, बंगालात मिदनापूरकडं तामलुकला दीड-दोन वर्षं. साताऱ्याचं त्याहून जास्त टिकलं. कारण काय? तर लोकांनी ते आपलं मानलं.

भाकरीच्या आधारानं

नाना जवळपास चार वर्षं पोलिसांच्या हाती लागले नाहीत. धरून देणाऱ्याला इनाम लागलं होतं. एवढा धिप्पाड, सगळ्यांच्या ओळखीचा माणूस लपणार कसा? तो लपला नाही, लोकांनी लपवला. आज या वस्तीवर, उद्या त्या मळ्यात. कुणी गुपचूप भाकऱ्या पोचवल्या, कुणी वाटेवर उभं राहून पोलिसांची चाहूल दिली. धुणं धुवायला गेलेल्या बाया निरोप पोचवीत. पोलिसांनी घरं झडतीत उलटीपालटी केली, माणसांना मारलं, गावांवर सामुदायिक दंड बसवले. गरिबाच्या घरात इनामाचा पैसा म्हणजे केवढं मोठं आमिष! तरी नाना धरले गेले नाहीत. ती अबोल माणसंच या सरकारची खरी तटबंदी होती.

नानांची लेक हौसाताईही या कामात उतरली. पुढं ती गोव्यापर्यंत निरोप घेऊन गेली आणि परतताना मांडवी नदी लाकडाच्या पेटीवर तरंगत पार करून आली.

याच काळात नानांची आई वारली. पोराच्या पायी जप्ती, झडत्या, उपासमार सगळं तिनं सोसलं होतं. माती द्यायला मुलगा येणार, हे पोलिसांनाही कळत होतं. तरी नाना जिवावर उदार होऊन आले, आईचे अंत्यसंस्कार केले आणि पुन्हा दिसेनासे झाले. जप्त झालेल्या घराचं त्यांनी दुःख केल्याचं कुणी ऐकलं नाही.

एक अवघड गोष्ट

चरित्र लिहायचं तर गोड तेवढंच लिहू नये. प्रतिसरकारचं नाव लोकांच्या तोंडी पत्री सरकार झालं, ते शिक्षेमुळं. खबऱ्याला, गुंडाला, बाईवर हात टाकणाऱ्याला तळपायावर मार बसे, आणि बैलाला पत्री ठोकावी तसं त्याला पत्री मारली असं लोक म्हणत. त्या धाकानं गावं शांत झाली, हे खरं. पण काही ठिकाणी अतिरेक झाला आणि कुणाच्या जुन्या वैराचाही त्यात शिरकाव झाला, हेही खरं. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघडपणे पुढं येण्यास सांगितलं. साताऱ्याच्या मंडळींनी ते ऐकलं नाही. आपण हात वर केले तर ज्या गावांनी आपल्याला सांभाळलं ती पोलिसांच्या तावडीत उघडी पडतील, हा त्यांचा हिशेब होता.

आपण अहिंसेचे, भूतदयेचे पाईक. या गोष्टीपाशी आपलं मन अडखळतं आणि ते अडखळावंच. गावाच्या हाती सत्ता आली की गावातल्या दुबळ्याचं रक्षण कोण करणार, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. सत्ता जवळ आली म्हणून ती आपोआप दयाळू होत नाही. ज्या ठिकाणी निवाडा सगळ्या गावापुढं झाला, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, तिथं न्याय झाला. जिथं चौघांनी अंधारात ठरवलं, तिथं घात झाला. प्रतिसरकारच्या हकिगतीतून एवढा धडा तर घ्यावाच.

उजेडात आल्यावर

१९४६ साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं उठली आणि नाना उघड्यावर आले. सभांना माणसांचा पूर लोटला. ज्यांनी चार वर्षं भाकरी दिली होती, त्यांतल्या पुष्कळांनी नानांना उजेडात तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. स्वराज्य येणार म्हणून न्यायदान मंडळं थांबली, तुफान सेना विसर्जित झाली. आता आपलंच सरकार येतंय, मग वेगळं कशाला, असं सगळ्यांना वाटलं.

नाना मात्र खुर्चीच्या मागं लागले नाहीत. शेतकऱ्याचं राज्य आलं का, हे ते विचारत राहिले. आधी शेतकरी कामगार पक्षात, पुढं कम्युनिस्ट पक्षात त्यांनी काम केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुन्हा गावोगाव बोलत फिरले. १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून लोकांनी त्यांना लोकसभेत पाठवलं. दिल्लीला गेले तरी पेहराव गावचाच आणि बोलणंही तसंच. त्यांच्या पक्षाचे विचार सगळ्यांना पटले असं नाही. आपल्यातल्या माळकऱ्यांना तर नाहीच. पण या माणसानं स्वतःसाठी काही जोडलं, असं त्यांचा विरोधकही म्हणू शकला नाही. ६ डिसेंबर १९७६ ला नाना गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे वाळव्याला, जिथल्या माणसांनी त्यांना जपलं तिथंच, त्यांचा देह मातीला मिळाला.

आपल्यासाठी काय उरलं

आज सरकार आपलं आहे, मत आपण देतो. १९९३ पासून ग्रामसभेला घटनेनं जागा दिली. तरीसुद्धा ग्रामसभेच्या दिवशी चावडीत किती माणसं असतात, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात मोजावं. ओढ्यातला गाळ काढायला योजनेची वाट, शाळेची कौलं नीट करायला निधीची वाट, बांधाच्या भांडणाला कोर्टाची वाट. सरकारकडून हक्काचं मागून घ्यावंच, त्यात कमीपणा नाही. पण जे चार माणसांनी एका सकाळी होण्यासारखं आहे, तेही आपण वर टोलवून मोकळे होतो. नानांच्या काळच्या माणसांकडं तर निधी नव्हता आणि वरून गोळी होती.

प्रतिसरकारात काम केलेली माणसं कोण होती? शेतकरी होते, शिक्षक होते, गडी-मजूर होते, घरच्या बाया होत्या. त्यांतल्या कितीतरी घरांत वारी होती, हरिपाठ होता, वर्षाचा सप्ताह होता. सप्ताहाची वर्गणी गोळा करणं, पंगतीला वाढणं, पहाऱ्याच्या पाळ्या लावणं, हिशेब सगळ्यांपुढं वाचून दाखवणं, हे त्या गावांच्या अंगवळणी पडलेलं होतं. राज्य चालवायला निघालेल्या माणसांना ही सवय कामी आली असणार. ती सवय आपल्याकडंही आहे. आषाढीला आपण ती वापरतो आणि द्वादशीला पडशीत बांधून ठेवतो, एवढाच फरक.

यंदा वारीहून परतल्यावर दिंडीचा हिशेब नेहमीप्रमाणं मंदिरात वाचला जाईल. त्याच बैठकीत गावच्या एका अडलेल्या कामाचा विषय घ्यावा, कोण काय करणार ते तिथंच ठरावं, आणि पुढच्या एकादशीला त्याचाही हिशेब वाचावा, एवढी विनंती करून ही नानांची सेवा पांडुरंगाच्या पायी ठेवतो.

॥ राम कृष्ण हरी ॥